संत्र्याच्या पेटीवरचा कागद

फेब्रुवारीतली दुपार. धाकट्या बहिणीकडे कॅलिफोर्नियात अर्व्हाइनला महिनाभर राहायला गेले होते आणि त्या दिवशी आम्ही दोघी जवळच्या ऑरेंज गावात नुसत्या भटकत होतो. एकदम पावसाची सर आली म्हणून चौकातल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात शिरलो. हे गाव अशा दुकानांसाठीच ओळखलं जातं. बहीण चिनीमातीच्या बश्यांकडे वळली आणि मी कोपऱ्यातल्या टेबलापाशी गेले. तिथे एका खोक्यात प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घातलेले कागद पत्त्यांसारखे उभे लावून ठेवले होते. प्रत्येक कागद साधारण दहा बाय अकरा इंचांचा. एकावर धावण्याच्या शर्यतीतला खेळाडू, खाली नाव 'ॲथलीट', गाव क्लेअरमाँट. दुसऱ्यावर वाळवंटात फुललेला युक्काचा पांढरा तुरा, 'डेझर्ट ब्लूम', रेडलँड्स. तिसऱ्यावर फक्त एक हात तुमच्यापुढे संत्रं धरतोय, आणि त्या ब्रँडचं नावच 'हॅव वन', म्हणजे 'घ्या एक'.

कॅलिफोर्नियातली संत्री लाकडी पेट्यांतून देशभर जायची त्या काळातले हे कागद. साधारण १८८० च्या दशकापासून १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत प्रत्येक पेटीच्या एका टोकाला असा एक कागद खळीने चिकटवलेला असायचा.

मी तिथे तासभर उभी होते. पाऊस कधीच थांबला होता. बहिणीने शेवटी विचारलं, "ताई, एवढं काय आहे त्यात?"

आमची रत्नागिरीजवळ आंब्याची कलमं आहेत. लहानपणी एप्रिल-मे म्हणजे घरभर पेंढा आणि पेट्यांच्या फळ्या. आंबे भरून पेटीवर खिळे ठोकले की शेवटचं काम आजोबांचं. पत्र्याचा कापलेला साचा पेटीवर धरायचा आणि काळ्या रंगात बुडवलेलं फडकं त्यावरून फिरवायचं. तीन अक्षरं उमटायची. हा आमचा मार्का. मुंबईच्या दलालाने आजोबांना फारसं पाहिलेलं नव्हतं आणि आमची बाग तर कधीच पाहिली नव्हती. त्याला ती तीन अक्षरं ठाऊक होती. त्यावर भाव ठरायचा आणि मग टपालाने पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, यायची. म्हणून त्या दुकानात मला चित्रांआधी मार्काच दिसला. फक्त इथे एका रंगाच्या तीन अक्षरांऐवजी अख्खा देखावा होता.

बहिणीने दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि आम्ही रेडलँड्स, रिव्हरसाइड करायला निघालो.

रात्रीच्या पावसाने हवा धुऊन निघाली होती. रेडलँड्सच्या जवळ गाडी एका वळणावर आली आणि मी "थांबव, थांबव" म्हणून ओरडलेच. समोर काळपट हिरव्या झाडांच्या ओळी, त्यात लगडलेली केशरी फळं, आणि मागे सॅन बर्नार्डिनोच्या डोंगरांवर ताजं बर्फ. काल दुकानात किमान दहा लेबलांवर हाच देखावा पाहिला होता आणि चित्रकाराने मनाने रचलेला म्हणून सोडून दिला होता. ऐन हिवाळ्यात पिकलेलं फळ आणि बर्फ एकाच चौकटीत! तो तसाच्या तसा समोर होता. न्यूयॉर्कच्या गारठ्यात पहाटे लिलावाला उभ्या असलेल्या व्यापाऱ्याला हे चित्र काय सांगत असेल, ते मला त्या रस्त्याच्या कडेला कळलं. शहराच्या मालकीच्या संत्र्याच्या बागा रेडलँड्समध्ये अजून आहेत, त्यामुळे हा देखावा अगदीच पुसला गेलेला नाही. ऑरेंज परगण्यात मात्र ऑरेंज हे नाव उरलंय आणि बागांच्या जागी बहिणीच्या घरासारखी घरं आहेत.

गिऱ्हाईक म्हणजे घरातली बाई, हा माझा समज तिथे गळून पडला. बाईच्या हातात सुटं फळ यायचं, पेटी यायची नाही. हे कागद लिलावातल्या घाऊक खरेदीदारासाठी होते. पेट्यांची टोकं दर्शनी ठेवून थप्प्या लागायच्या आणि तो लांबून त्यांच्यावर नजर फिरवायचा. म्हणून अक्षरं जाड, तिरकी, सावली दिलेली. म्हणून चित्र एकच आणि ठसठशीत. एका बाजूने कागदांचा काळही वाचता येतो. सुरुवातीच्या कागदांवर नाजूक फुलं, बागा, बंगले, जणू भिंतीवर लावायची चित्रं. १९२० नंतर अक्षरं मोठी होत जातात, आणि १९३५ च्या पुढे तर चित्र जवळजवळ संपून नुसतं ठोकळेबाज नाव राहतं. मला पहिले आवडतात, पण कामाचे बहुधा शेवटचे असावेत.

एकाच पॅकिंग हाउसचे, म्हणजे फळं निवडून पेट्यांत भरणाऱ्या वखारीचे, दोन-तीन ब्रँड असत. पहिल्या प्रतीचा माल एका नावाने, दुसऱ्या प्रतीचा दुसऱ्या. नाव राखायचं तर त्या नावाखाली डागी फळ जाऊ द्यायचं नाही, हा त्यातला कडक भाग. आमच्याकडेही आजोबा लहान फळाची पेटी वेगळी भरत, पण मार्का एकच लावत आणि त्यावरून काका त्यांच्याशी वाद घालत. काकांचं बरोबर होतं, हे मला चाळीस वर्षांनी परदेशात पटलं.

रिव्हरसाइडला मॅग्नोलिया आणि आर्लिंग्टन या दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर एक झाड आहे. कुंपण आणि वरून पांढऱ्या जाळीचा तंबू, त्यामुळे पहिल्यांदा आम्ही ओलांडून पुढेच गेलो. ब्राझीलमधल्या बाहियाहून अमेरिकेच्या कृषी खात्याने बिनबियांच्या संत्र्याची कलमं आणवली होती. खात्याचे विल्यम सॉन्डर्स यांनी त्यातली काही १८७३ मध्ये रिव्हरसाइडच्या एलायझा टिबेट्स या बाईंना पाठवली. त्यांच्या अंगणातल्या झाडांपैकी हे एक. फळाला बी नाही, त्यामुळे पुढची लागवड फक्त या झाडाचा डोळा (कोंब) दुसऱ्या रोपावर भरून, म्हणजे कलमं बांधूनच. कॅलिफोर्नियाभर पसरलेलं वॉशिंग्टन नेव्हल या झाडाचं आणि त्याच्या जोडीदाराचं रक्त आहे. (रक्ताच्या नात्याने बघायचं तर हे आपल्या मोसंबीच्या कुळातलं फळ. नागपुरी संत्रं वेगळं, ते मँडरिन.) मुळं कुजायला लागली तेव्हा खोडाला नवी रोपं कलम करून या झाडाला नवी मुळं दिली गेली. आताची जाळी आहे ती सायला किडीला बाहेर ठेवण्यासाठी. ही कीड ग्रीनिंग हा संत्र्याची झाडं मारणारा रोग पसरवते. विदर्भातल्या कुठल्याही संत्रा बागायतदाराला सायला म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही.

मी जाळीला नाक लावून उभी राहिले. आत पिवळीधमक फळं होती. दीडशे वर्षांचं झाड, आणि फळतंय. हापूसही कलमाचाच, त्यामुळे एका झाडातून सगळा मुलूख उभा राहतो ही गोष्ट आमच्या घरी नवी नाही. तरी त्या मूळ झाडासमोर उभं राहायला मिळणं वेगळं. मी नमस्कार केला. बहिणीनेही केला.

या झाडाने आणि रेल्वेने मिळून गावाचं नशीब पालटलं. १८९५ च्या सुमारास रिव्हरसाइड दरडोई उत्पन्नात देशातलं सर्वांत श्रीमंत शहर म्हणून गणलं जात होतं. बर्फ भरलेल्या डब्यांतून फळ तीन हजार मैल पूर्वेला जाऊ लागलं, वाटेत ठिकठिकाणी बर्फ बदलत. पण दलाल मालाचे पैसे बुडवत, भाव पाडत. म्हणून १८९३ मध्ये बागायतदारांनी आपली सहकारी संस्था काढली, आणि १९०७-०८ च्या सुमारास तिने आयोवा राज्यात जाहिरातींचा प्रयोग केला: आरोग्यासाठी संत्री, संपत्तीसाठी कॅलिफोर्निया. 'सनकिस्ट' हे नाव तेव्हाचं, उन्हाने चुंबलेलं या अर्थाच्या शब्दाचं बदललेलं स्पेलिंग. पुढे फळाच्या पातळ वेष्टनावर हे नाव आलं आणि १९२६ पासून थेट सालीवर शिक्का. म्हणजे गिऱ्हाइकाच्या हातातल्या फळावर संघाचं नाव पोचलं. ॲथलीट, डेझर्ट ब्लूम ही गावोगावची नावं पेटीवर, लिलावापुरती. सहकाराने बागायतदार तगला हे खरं, आणि दारची नावं त्या मोठ्या नावाच्या सावलीत गेली हेही खरं. महाराष्ट्रात साखर आणि दूध पाहिलेल्या माणसाला यातलं काहीच परकं वाटणार नाही.

जेवणानंतर गावातल्या पादचारी रस्त्याने चालताना गांधीजींचा पुतळा दिसला. थोडं पुढे आणखी एक पुतळा, कोरियाच्या स्वातंत्र्यलढ्यातले नेते आन चांग-हो यांचा. हे इथे कसे? तर १९०५ च्या सुमारास ते रिव्हरसाइडच्या बागांत संत्री तोडत होते आणि त्यांच्याभोवती इथे कोरियन मजुरांची वस्ती उभी राहिली होती. एकेक संत्रं नीट, जपून तोडणं हीसुद्धा देशाचीच सेवा, असं ते सोबत्यांना सांगत, अशी आठवण आहे. कात्रीने देठ कापताना सालीला ओरखडा गेला तर फळ वाटेत कुजतं, हे ज्याने आंबा झेल्याने उतरवलाय त्याला सांगायला नको.

मी आदल्या दिवशीचे कागद आठवत होते. घोडेस्वार, स्पॅनिश पोशाखातल्या सुंदऱ्या, पिसांचा टोप घातलेले मूळ रहिवासी, खेळाडू, मांजरं, विमानं. चिनी, जपानी, कोरियन, मेक्सिकन माणसांनी ही फळं तोडली, बायकांनी पॅकिंग हाउसात उभं राहून एकेक कागदात गुंडाळून पेटीत बसवली. मी चाळलेल्या त्या सगळ्या कागदांत तोडणाऱ्याचं, भरणाऱ्याचं एकही चित्र नव्हतं. बागेत शिडी नाही, खांद्यावर पिशवी नाही. रिकाम्या बागा, आपोआप पिकल्यासारख्या. हे मला फार लागलं. आमच्या पेटीवरही आजोबांची अक्षरं असत, झाडावर चढणाऱ्या गड्यांची नसत.

संध्याकाळी परतताना पुन्हा ऑरेंजला थांबले आणि बारा डॉलर देऊन एक कागद घेतला. दुकानातल्या आजींनी आपलं भिंग माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, संत्र्याच्या सालीवर धरून बघा. बघितलं. लांबून जो सरळ केशरी रंग दिसत होता तो जवळून ठिपक्यांचा समुद्र होता: पिवळे, तांबडे, मधूनच निळसर. यंत्राच्या जाळीचे एकसारखे ठिपके नव्हते. कुठे दाट, कुठे विरळ, प्रत्येकाचा आकार निराळा. कुणीतरी बसून हे ठिपके एकेक करून हाताने दिलेले. शिळाछाप. जितके रंग तितक्या चुनखडीच्या शिळा, आणि तितक्या वेळा तोच कागद नेमका त्याच जागी दाबायचा. सॅन फ्रान्सिस्कोत जर्मनीहून आलेल्या मॅक्स श्मिटचा असा मोठा छापखाना होता. आपल्याकडे १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेला आणि मग मळवलीला हललेला रविवर्मा प्रेस याच तंत्राचा, तिथेही जर्मन कारागीरच. आमच्या देवघरातल्या लक्ष्मीच्या गालावरही असेच ठिपके आहेत, हे मला त्या भिंगातून पाहताना आठवलं.

पुढे पुठ्ठ्याची खोकी आली, त्यांच्यावर नाव थेट छापलं जाऊ लागलं आणि १९५० च्या दशकाच्या मध्यात हा सगळा कारभार थांबला. न वापरलेले गठ्ठे पॅकिंग हाउसांच्या माळ्यावर पडून राहिले. ते गोळा करणाऱ्यांत जे लास्ट (Jay Last) नावाचे गृहस्थ होते. सिलिकॉन व्हॅलीचा पाया घालणाऱ्या फेअरचाइल्ड सेमीकंडक्टरच्या आठ संस्थापकांपैकी एक. त्यांचा छापील कागदांचा प्रचंड संग्रह आज सॅन मरीनोच्या हंटिंग्टन ग्रंथालयात आहे. मायक्रोचिपचं काम केलेल्या माणसाला या ठिपक्यांचा नाद लागावा, हे मला अगदी समजतं.

गावी आल्यावर तो कागद काकांपुढे ठेवला. ते आता ऐंशीचे आहेत. माळ्यावरून आजोबांचा पत्र्याचा साचाही मी खाली काढला होता. कडा गंजलेल्या, काळा रंग अजून अक्षरांच्या कापांत अडकलेला. काकांनी चष्मा पुसला, कागद उजेडात धरला, उलटा करून मागची कोरी बाजू पाहिली, पुन्हा सरळ केला. मला वाटलं चित्राबद्दल काही बोलतील.

"पेटीत नग किती बसायचे गो?" त्यांनी विचारलं.

"फळाच्या आकारावर. मोठं असलं तर एकशे सव्वीस, लहान असलं तर दोनशे अठ्ठ्याऐंशी."

"आणि आकडा वर लिहीत?"

"हो, पेटीवरच."

"मग बरोबर," काका म्हणाले, आणि साचा त्या कागदाच्या शेजारी नीट मांडून ठेवला.