तुम्ही विचारलंत म्हणून: एआय मॉडेलला जोडायच्या टूलच्या वर्णनाला एवढा वेळ का लागतो?

लग्नाकार्यात, एमआयडीसीत चहा घेताना, नव्या पोरांच्या इंटरव्ह्यूतसुद्धा हाच प्रश्न येतो. "मॉडेल एवढं हुशार आहे, कोड लिहून झालाय, मग चार ओळींच्या वर्णनापायी दिवस का घालवता?" आजवर मी विषय बदलत आले. आज नीट सांगते. टूल म्हणजे साठा बघण्यासारखं एखादं काम मॉडेलसाठी करून देणारा छोटा प्रोग्राम, आणि वर्णन म्हणजे तो काय करतो हे मॉडेलला सांगणाऱ्या ओळी.

तुमचा कोड मॉडेलला दिसत नाही. त्याला टूलचं नाव दिसतं, वर्णन दिसतं, आणि कोणती माहिती कशी द्यायची त्याचा साचा दिसतो. तेवढ्यावरून ते टूल निवडतं. जून 2023 मध्ये ओपनएआयने फंक्शन कॉलिंग, म्हणजे मॉडेलने टूल मागवायची सोय, आणली तेव्हा हेच होतं, नोव्हेंबर 2024 मध्ये अँथ्रॉपिकचं एमसीपी, म्हणजे टूल जोडायची सामायिक पद्धत, आल्यावरही हेच आहे. टूल जोडणं सोपं झालं. ते काय करतं आणि काय करत नाही, हे सांगायचं काम आपल्याकडेच राहिलं.

सोलापुरात अक्कलकोट रोडला चादरी-टॉवेलचा एक कारखाना आहे. व्यापाऱ्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तरं देणारा एजंट, म्हणजे मॉडेलला टूल जोडून केलेला मदतनीस प्रोग्राम, त्यांनी दुसऱ्या कोणाकडून बसवून घेतला होता. नांदेडकडच्या एका जुन्या व्यापाऱ्याने लग्नसराईसाठी एका जकार्ड डिझाइनच्या चादरी विचारल्या. एजंटने साठ्याचं टूल चालवलं, रिकामी यादी आली, आणि त्याने अगदी अदबीने कळवलं की हे डिझाइन आता बनत नाही. त्या दिवशी तेच डिझाइन लूमवर चालू होतं. व्यापाऱ्याने माल दुसरीकडून उचलला आणि संध्याकाळी मालकांना फोन केला. भांडायला नव्हे. "बंद करायचं होतं तर मला एक शब्द टाकायचा ना शेठ, तुमच्या वडलांपासून माल नेतोय." हे मला सांगताना मालकांचा आवाज बसला होता.

त्यांची मागणी एकच होती: मोठं मॉडेल लावून द्या. मी टूल उघडलं. वर्णन होतं, 'माल शोधतो.' माहितीचा रकाना एकच, 'नाव'. रिकाम्या यादीचा अर्थ काय, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. मॉडेलने तो अर्थ स्वतः लावला, आणि लावला तो पटण्यासारखा होता, म्हणून कोणाला संशयही आला नाही.

मी गोदामात गेले. तिथले अण्णा घरी तेलुगू बोलतात, हिशेब मराठीत करतात. त्यांना विचारलं, माल दिसत नाही म्हणजे नेमकं काय? ते म्हणाले, "कशावरनं विचारताय त्यावर आहे बघा, ताई." लूमवर असेल तर गोदामाच्या नोंदीत येत नाही. शिलाई-पॅकिंगला गेला असेल तरी येत नाही. दुसऱ्या पार्टीसाठी राखून ठेवला असेल तर येतो, पण मोकळा धरायचा नाही. व्यापारी डिझाइनला बोलीतलं नाव घेतात, नोंद मात्र क्रमांकाने असते, म्हणून माल असूनही सापडत नाही. आणि कधीकधी नेटच बंद असतं, तेव्हाही ते टूल रिकामी यादीच द्यायचं.

त्या बोलण्यातून हे वर्णन झालं: 'गोदामात पॅक झालेला आणि कोणासाठी राखून न ठेवलेला माल नगांत सांगतो. लूमवरचा व पॅकिंगमधला माल यात येत नाही. डिझाइन क्रमांक द्यावा. क्रमांक माहीत नसल्यास आधी डिझाइन_शोध वापरावं. यादी रिकामी आली तर आत्ता मोकळा माल नाही, एवढाच अर्थ घ्यावा आणि उत्पादन_स्थिती बघावी. डिझाइन बंद झालं असं यावरून सांगू नये.' यातली डिझाइन_शोध आणि उत्पादन_स्थिती ही एजंटची दुसरी टूल. नेट बंद असेल तेव्हा रिकामी यादी न देता बिघाड झाल्याचा संदेश यावा, हा बदल कोडमध्ये केला. एमसीपीत त्यासाठी वेगळी खूण आहेच. तुम्ही जो दिवस मोजता तो टायपिंगचा नाही, अण्णांशी बोलण्याचा आहे.

आता तुमच्या बाजूचंही बोलते. मोठं मॉडेल कदाचित व्यापाऱ्याला उलट प्रश्न विचारून थांबलं असतं. तशी थांबलेली मी पाहिली आहेत. पण वर्णन तेच ठेवलं तर लूमवर काय चाललंय हे त्यालाही कळणार नव्हतं.

आणि पूर्वीची मी, जी प्रत्येक वर्णनात सगळं कोंबा म्हणायची, तिच्याशी माझं अजून भांडण आहे. प्रत्येक वर्णन दर वेळी मॉडेलकडे जातं, टोकन खातं, म्हणजे मॉडेल ज्या तुकड्यांत मजकूर मोजतं ते वाढवतं. टूल वाढली, वर्णनं एकमेकांसारखी झाली, की मॉडेल दोघांत घोटाळतं. मग 'बंद झालं असं सांगू नये' ही सूचना टूलमध्ये ठेवायची की एजंटच्या मुख्य सूचनांत? ती ग्राहकाशी वागण्याची गोष्ट आहे, म्हणून मुख्य सूचनांत, असं माझा सहकारी म्हणतो. त्याचं तर्काने बरोबर आहे. पण उद्या हेच टूल दुसऱ्या एजंटला जोडलं तर ती ओळ मागेच राहील, म्हणून मी ती टूलमध्येच ठेवली आहे.

साठा आणि उत्पादन ही दोन टूल एकच करावीत, असं मालकांचं म्हणणं आहे. एकाच हाकेत उत्तर मिळेल. अण्णांचा विरोध आहे. लूमवरचा माल कधी उतरेल याचा शब्द गोदामाने देऊ नये, असं ते म्हणतात. सध्या ही दोन टूल वेगळीच आहेत. पुढच्या बैठकीत हा विषय पुन्हा निघेल, आणि मी अण्णांच्या बाजूने बोलणार आहे.