साठ फोटो, पाच सेकंद

आज चौथीच्या वर्गात आमची फिल्म लागली. पाच सेकंदांची!

दहा दिवसांपूर्वी काचेच्या ग्लासात ओला कापूस भरून त्यात वाल लावला होता. माझा जुना मोबाईल पुस्तकांच्या गठ्ठ्याला रबराने बांधला, बाकावर खडूने ग्लासची जागा आखली. रोज सहा फोटो. रविवारी शाळेजवळची दोन पोरं चावी मागायला घरी आली, तेव्हा खरंच भरून आलं.

हिशेब मुलांनीच मांडला. सेकंदाला बारा फोटो लागतात, मग साठ फोटोंचे किती? भागाकार एवढ्या आवडीने करताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

त्यांना दादासाहेब फाळक्यांची गोष्टही सांगितली. 1912 मध्ये त्यांनी कुंडीत वाटाणा लावून त्याची वाढ अशीच रोज थोडी थोडी टिपली, आणि ती छोटी फिल्म दाखवून पहिल्या चित्रपटासाठी पैसे उभे केले. "म्हणजे आपल्यासारखंच, बाई?" हो रे, अगदी आपल्यासारखंच.

आज पडद्यावर मान वाकवलेला कोंब हळूच सरळ झाला, पानं उघडली आणि वर्ग एकदम चिडीचूप. मग कुणीतरी ओरडलं, "बाई, तो उडी मारतोय!" चौथ्या दिवशी ग्लास खडूच्या रेघेबाहेर सरकला होता. पुस्तकात अंकुरणाचं चित्र कितीदा तरी दाखवलंय, पण इतकं बारीक कुणी कधी पाहिलं नव्हतं.

"परत लावा" म्हणत अकरा वेळा पाहिली. उद्या मटकी भिजवायची आहे.