दहा डॉलर आणि पाच डॉलर

पळालेले गुलाम परत करण्याविषयीच्या १८५० च्या अमेरिकी कायद्यातील एक तरतूद माझ्या मनातून जात नाही. पकडून आणलेल्या माणसाला पळालेला गुलाम ठरवून मालकाच्या हवाली केले, तर निवाडा करणाऱ्या आयुक्ताला दहा डॉलर मिळत. सोडून दिले तर पाच. त्या माणसाला स्वतःच्या बाजूने साक्ष देण्याची मुभा नव्हती, ज्यूरीही नव्हती.

गुलामगिरी ही दक्षिणेची बाब आहे, असे मानून स्वस्थ बसलेल्या उत्तरेतील अनेकांच्या दारात या कायद्याने ती आणून उभी केली. १८५४ साली बोस्टनमध्ये अँथनी बर्न्स या गुलामगिरीतून पळून आलेल्या तरुणाला सैनिकांच्या कड्यातून बंदराकडे नेले, तेव्हा इमारतींवर काळे कापड लावलेले होते आणि रस्त्यावर स्वातंत्र्याची म्हणून एक शवपेटी टांगलेली होती. पुढच्याच वर्षी मॅसॅच्युसेट्सने अशी धरपकड अतिशय अवघड करणारा कायदा केला.

दक्षिणेला हा राज्यघटनेतील कराराचा उघड भंग वाटला. पुढचे अमेरिकी यादवी युद्ध राज्यांच्या हक्कांसाठी झाले, असे आजही सांगितले जाते; पण डिसेंबर १८६० मध्ये संघराज्यातून फुटताना साउथ कॅरोलायनाने आपल्या जाहीरनाम्यात तक्रार केली ती उत्तरेतील राज्ये पळालेले गुलाम परत करत नाहीत याची, म्हणजे त्या राज्यांनी आपला हक्क वापरल्याचीच.