टाइलवरचा बेडूक

न्हाणीतल्या टाइलला चिकटवलेला रबरी वाटीचा हूक परवा मध्यरात्री टॉवेलसकट खाली आला. सोलापुरी टॉवेल ओला झाला की चादरीच्या वजनाचा होतो, हुकाला तरी काय बोलणार? पण त्याच टाइलवर हातभर वर बसलेला झाडबेडूक जागचा हलला नव्हता. पाऊस सुरू झाल्यापासून त्याचा मुक्काम तिथेच आहे.

"काका, याच्या बोटांना ऑक्टोपससारख्या वाट्या असतील की," पुतण्या म्हणाला. त्याचा समुद्र मोबाइलमधला. खरा समुद्र इथून एसटीनं रात्रभर लांब.

वाट्या ऑक्टोपसला. आठही बाहूंवर, शेकड्यांनी. वाटीतला स्नायू ताणला की आतला दाब उतरतो आणि बाहेरचं पाणी तिला खडकावर दाबून धरतं. आमच्या हुकाचंच तंत्र, फक्त हे टिकतं. शिवाय त्या वाट्यांना चव कळते! आमची भिंत चाटायची त्याच्यावर वेळ आली नाही ते बरं.

बेडकाच्या बोटांना टोकाशी चपट्या गाद्या असतात. त्यांवर षटकोनी पेशी आणि पेशींच्या फटींत बुळबुळीत ओल. चहा सांडलेल्या बशीला कप चिकटतो ना, तसा हा भिंतीला चिकटतो. त्याला समुद्र लागतो, याला थेंबभर ओल पुरते. नळाला चार दिवसांआड पाणी येणाऱ्या घरात दोघांपैकी कोण नांदणार, हे उघडच आहे.

ऑक्टोपसचं रक्त तांब्यामुळे निळं, आणि हृदयं तीन. बेडकाचं हृदय एक, पण कप्पे तीन. "मग सारखंच की बे," पुतण्या स्वतःशीच म्हणाला. मी वाद घातला नाही.

संसार मात्र दोघींचा वेगळा. ऑक्टोपसची मादी अन्नपाणी सोडून अंडी राखते आणि पिल्लं बाहेर पडता पडता मरते. बेडकी पाण्याच्या वर पायांनी फेस घुसळते, त्यात अंडी घालते आणि चालू लागते. गेल्या पावसाळ्यात बॅरलच्या काठाला तसा गोळा दिसला. आईला वाटलं, कुणीतरी साबणाचा फेस तसाच ठेवलाय. पुढे पिल्लं टपाटप पाण्यात पडली आणि साठवलेलं सगळं पाणी ओतावं लागलं. त्या दिवशी आईनं बेडकीच्या सात पिढ्या काढल्या.

यंदा बॅरलवर घट्ट झाकण आहे. शेजारी कोपऱ्यात कान तुटलेली एक जुनी बादली आहे. नळ आला की आई पहिला तांब्या त्या बादलीत ओतते.