राजीनाम्यानंतर दोन दिवसांत पगार: माझा अनुभव

अंधेरी एमआयडीसीतल्या एका पॅकेजिंग युनिटमध्ये मी साडेतीन वर्षं सुपरवायझर होते, पगार 31,000. नोटीस पिरियड पूर्ण करून 31 जानेवारी 2026 ला बाहेर पडले. जानेवारीचा पगार मागितला तर एचआरचं उत्तर आलं, ‘‘मॅडम, फुल अँड फायनल 45 दिवसांनी. आपल्याकडे असंच चालतं.’’ म्हणजे नोकरी सोडल्यावरचा शेवटचा सगळा हिशोब. पाच तारखेला घराचा हप्ता होता.

21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता, म्हणजे नवे कामगार कायदे, लागू झाल्यात. त्यातल्या वेतन संहितेचं कलम 17, पोटकलम 2 मी नीट वाचलं. कामावरून काढलं, नोकरकपात झाली किंवा माणसाने स्वतः राजीनामा दिला, तरी पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा. ‘राजीनामा’ हा शब्द इथे फार मोलाचा आहे. 1936 च्या जुन्या कायद्यात ही मुदत मालकाने काढलेल्यांसाठी होती, आणि तो कायदा महिना 24,000 पर्यंतच्या पगारालाच लागू होता. म्हणजे माझ्यासारखी त्यात बसतच नव्हती. आता ती पगाराची मर्यादा उरलेली नाही.

मंगळवार, 3 फेब्रुवारी हा मुदतीचा शेवटचा दिवस कोरडाच गेला. बुधवारी कलमाचा उल्लेख करून ईमेल केला, त्याचीच छापील प्रत ऑफिसात देऊन पोच घेतली. रिसेप्शनवरची मुलगी शिक्का मारायला कचरत होती. मी शांतपणे थांबून राहिले. हप्ता भावाकडून उसने घेऊन भरला, त्याचं फार वाईट वाटलं.

सोमवारी वांद्र्याहून शेअर रिक्षाने बीकेसीतलं कामगार भवन, म्हणजे कामगार खात्याचं कार्यालय, गाठलं. सोबत राजीनामा मंजुरीचं पत्र, तीन पगारपत्रकं, बँक स्टेटमेंट आणि ती पोच. सरकारी कामगार अधिकाऱ्यांनी सगळ्यात आधी पोच बघितली. अर्ज लिहून घेतला आणि माझ्यासमोरच कंपनीला फोन लावला. ग्रॅच्युइटीचंही (नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम) मी विचारलं, कारण ‘आता एका वर्षात मिळते’ असं सगळीकडे फिरतंय. ते ठरावीक मुदतीच्या करारावर असलेल्यांसाठी आहे. माझ्यासारख्या कायम नोकरीवाल्यांना पाच वर्षंच लागतात. हे आधी कळलं असतं तर ती आशा धरून बसले नसते.

गुरुवारी दुपारी पगार खात्यात आला. शिल्लक रजांचे पैसे अजून यायचेत, त्यासाठी दुसरा अर्ज तयार ठेवलाय.