आज १७ नोव्हेंबर

सकाळपासून कर्नल संतोष महाडिक मनातून जात नाहीत. आमच्या साताऱ्याजवळच्या पोगरवाडीचे, सैनिक स्कूलचे विद्यार्थी. २०१५ साली याच दिवशी कुपवाड्याच्या जंगलात अतिरेक्यांशी लढताना गेले. ४१ राष्ट्रीय रायफल्सचे कमांडिंग ऑफिसर, आणि तरीही स्वतः पुढे! मागे पत्नी, दोन लहान लेकरं.

संध्याकाळी देवापाशी एक पणती जास्त लावली. आईने विचारलं, कोणासाठी गं? सांगितलं, तर वातीकडे बघत म्हणाली, "आणि त्या स्वातीची केवढी हिंमत!" खरंच. नवऱ्याचं पहिलं प्रेम वर्दीवर, म्हणून ती आपणही घालायची, हे त्या माऊलीने ठरवलं. शिक्षिकेची नोकरी सोडली, चेन्नईत प्रशिक्षण घेतलं, २०१७ मध्ये लेफ्टनंट झाल्या.

आईने पणतीत अजून थोडं तेल घातलं.