झाडावर नसलेला पंप

एका कारखान्याच्या देखभाल विभागासाठी आम्ही तयार केलेल्या वेब ॲप्लिकेशनमध्ये यंत्रसामग्रीची सगळी उतरंड एकाच ट्री टेबलमध्ये, म्हणजे ओळीखाली तिच्या उपओळी उलगडणाऱ्या तक्त्यात, दिसते: सर्वांत वर प्रकल्प, त्याखाली उत्पादन लाइन, मग यंत्रे आणि शेवटी सुटे भाग. एका सकाळी तेथील पर्यवेक्षकांचा फोन आला. एका पंपावर तीन वर्क ऑर्डर (देखभालीच्या कामाचे आदेश) चालू होत्या, त्या यादीत पंपाचे नाव व्यवस्थित दिसत होते, पण ट्री टेबलमध्ये त्याची ओळ कुठेच सापडत नव्हती. "पंप माझ्यासमोर चालतोय हो, फक्त तुमच्या पडद्यावर नाही," असे ते म्हणाले.

पहिला संशय अर्थातच परवानग्यांवर आणि दुसरा फिल्टरवर गेला. ट्री टेबलमध्ये फिल्टर लावला की अट पूर्ण करणारी ओळ तिच्या वरची ओळ अट पूर्ण करत नसल्यामुळे लपू शकते. हा अनुभव आम्ही पूर्वी घेतला होता आणि सर्व पूर्वज नोडही (नोड म्हणजे उतरंडीतली एक नोंद) पाठवण्याची सोय केलेली होती. दोन्ही संशय अर्ध्या तासात निकालात निघाले. डेटाबेसमध्ये पंपाची नोंद होती, ती सक्रिय होती आणि तिच्या पेरेंटच्या, म्हणजे लगेच वरच्या नोडच्या, रकान्यात स्किडचा, म्हणजे ज्या सांगाड्यावर पंप बसवलेला असतो त्याचा, कोडही होता.

आमचा पडदा यूआय५ या वेब पडदे बनवण्याच्या चौकटीतील ट्री टेबलवर आहे आणि त्याला डेटा पुरवणाऱ्या ओडेटा सेवेच्या मेटाडेटामध्ये (डेटाच्या रचनेच्या वर्णनात) नोडची ओळख, पेरेंट, पातळी आणि ड्रिल स्टेट (नोड उघडा आहे, मिटलेला आहे की त्याखाली काहीच नाही) असे चार रकाने उतरंडीसाठी घोषित केलेले असतात. टेबल आधी फक्त शून्य पातळीच्या ओळी मागवते आणि वापरकर्त्याने बाण दाबला की त्या नोडची मुले मागवते. पातळीचा रकाना रात्री आपोआप चालणारा जॉब रूटपासून, म्हणजे सर्वांत वरच्या नोडपासून, खाली उतरत भरतो. पंपाची पातळी रिकामी होती. म्हणून पंपापासून वर रूटपर्यंतचा मार्ग काढावा, असे ठरवून मी एक रिकर्सिव्ह (स्वतःच्याच निकालावरून पुढचा टप्पा काढत जाणारी) क्वेरी लिहिली आणि चालवली.

ती परत येईना. पाच ओळींचे उत्तर अपेक्षित असलेली क्वेरी दोन मिनिटांनी टाइमआउटने तुटली. मी पुनरावृत्त ओळीही न गाळता जोडत जाणारे 'युनियन ऑल' वापरले होते आणि मार्ग वर्तुळात फिरतोय का हे ओळखण्याची कोणतीही सोय ठेवली नव्हती. पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसमध्ये १४व्या आवृत्तीपासून त्यासाठी 'सायकल' हे वेगळे कलमच आहे. ते जोडून पुन्हा चालवल्यावर उत्तर लगेच आले: पंपाचा पेरेंट स्किड, आणि स्किडचा पेरेंट तोच पंप.

असे वर्तुळ झाले तर काहीतरी जोरात कोसळेल, अशीच माझी इतकी वर्षे समजूत होती. प्रत्यक्षात प्रत्येक नोडला एकच पेरेंट असेल, तर वर्तुळात सापडलेला गट रूटपासून पूर्णपणे तुटतो, त्यामुळे वरून खाली येणाऱ्या कोणालाही तो भेटतच नाही. रात्रीचा जॉब वेळेवर संपत होता, पडदा वेगाने उघडत होता, लॉगमध्ये एकही चूक नव्हती. पंप, स्किड आणि त्यांच्याखालची मोटर, कपलिंग, व्हॉल्व्ह धरून ३७ नोंदी गुपचूप गळाल्या होत्या.

हे घडले एक्सेल अपलोडमधून. पूर्वी स्किड चुकून पंपाखाली नोंदवलेला होता, आणि ती चूक सुधारण्यासाठी फाइलमध्ये दोन ओळी होत्या: पंप स्किडखाली न्यावा आणि स्किड लाइनखाली. लाइनचा कोड शून्यांनी सुरू होणारा होता; एक्सेलने ती शून्ये खाल्ली, दुसरी ओळ 'पेरेंट सापडला नाही' म्हणून नाकारली गेली, पहिली मात्र जतन झाली. नाकारलेल्या ओळी वगळून बाकीच्या स्वीकारायच्या, ही आमची सोय वापरकर्त्यांना फार आवडत असे. पडद्यावर ओळ ओढून हलवताना वर्तुळाची तपासणी होती. अपलोडमध्ये ती घालायचे आमच्याकडून राहून गेले होते.

आता संपूर्ण फाइल एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये जाते, सगळे बदल लागू झाल्यावर उतरंड तपासली जाते आणि एक ओळ जरी चुकली तरी काहीच जतन होत नाही. दुसरा बदल मी आग्रहाने करून घेतला: ज्यांची पातळी भरली गेली नाही अशा नोंदी टेबलच्या शेवटी 'जागा न लागलेल्या नोंदी' या वेगळ्या नोडखाली दाखवायच्या. पडदा विद्रूप दिसेल, अशी तक्रार आमच्याच टीममधून आली, आणि ती खोटी नव्हती.

हा नोड प्रथमच उघडला तेव्हा, अजून डेटा दुरुस्त केलेला नसताना, त्याखाली ३७ नव्हे, ३९ नोंदी निघाल्या. उरलेल्या दोन मापकांचा पेरेंट कधीतरी 'वगळलेला' म्हणून चिन्हांकित झाला होता. त्यांच्यावर एकही वर्क ऑर्डर नव्हती, त्यामुळे त्यांच्यासाठी कोणाचा फोन आला नव्हता.